काजळीवरची नोंद

तांबोळीसरांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. मी जे सांगणार आहे ते वाचून कुणाला माझा राग येईल, कुणाला हसू येईल, आणि त्या भरात सर बाजूला राहून जातील, तसं व्हायला नको. मला कामावर ठेवणारे पुष्कळ भेटले. पण माझी चूक माझ्याच हातानं लिहून घेऊन तिच्याखाली स्वतःची सही करणारा माणूस एकच भेटला. सर नगरचे, भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यात माझे साहेब. आता ऐंशीला टेकले आहेत. आठवीत शाळा सोडलेला मी आजही त्याच खात्यात आहे, निवृत्ती दिसायला लागली आहे, ते त्यांच्यामुळे. हे मी घरात नेहमी सांगतो, त्यामुळे घरात कुणी ऐकत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी भंडाऱ्याकडचा. बाप गेल्यावर शाळा सुटली, तांदळाच्या गिरणीत पोती उचलली, आणि एका नातेवाइकाच्या ओळखीनं थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डीच्या डोंगरात येऊन पडलो. गावाबाहेर माळावर एक दगडी खोली होती. गावात तिला भूकंपाची खोली म्हणत. खोलीपासून शंभरेक पावलांवर खडकात खणलेला खड्डा, खड्ड्यात जमिनीची हालचाल ओळखणारं यंत्र, आणि तिथून खोलीत आलेली तार. खोलीत एक नळकांडं संथ फिरत असे आणि त्यावर एक सुई टेकलेली असे. जमीन हलली की सुई हलायची. माझं काम त्या नळकांड्यावरचा कागद रोज सकाळी बदलणं आणि दिवसभर सुईजवळ असणं. आईला सांगायला मला फार कठीण गेलं. तिनं विचारलं, "धरतीले कान लावून काहून बसतेत बाप्पा, ते काय बोलते?" मी म्हणालो, बोलते, पण क्वचित.

कागद साधा नसे. गुळगुळीत पांढरा कागद नळकांड्यावर घट्ट गुंडाळायचा आणि रॉकेलच्या धूर सोडणाऱ्या दिव्यावर ते नळकांडं फिरवत फिरवत कागदावर काजळी धरायची. सगळीकडे सारखी, मखमलीसारखी. जाड झाली तर सुई अडकायची, पातळ झाली तर रेघ दिसायची नाही. सुई काजळी खरवडत जाई आणि मागे पांढरी बारीक रेघ राही. दुसऱ्या दिवशी कागद उतरवायचा, टाचणीनं कोपऱ्यात तारीख कोरायची, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा, म्हणजे काजळी पक्की बसे. माझ्या नखांत, नाकात, जेवणात काजळी असायची. गावातली पोरं मला काजळ्या म्हणायची. बायका तान्ह्या बाळांसाठी काजळ मागायला यायच्या, मी द्यायचो. तेवढ्या निमित्तानं कुणी दारात यायचं.

भाताशिवाय जेवण होतं हे मला तिथे कळलं. बाजरीची भाकरी मला थापता येत नसे, तिच्या कडा फाटायच्या. गावात हुलग्याची शेंगोळी करत, त्याचा वास वाऱ्यावर माळापर्यंत येई आणि मी ठेचा आणि फाटकी भाकरी खात असे. पाण्याचा टँकर येई तेव्हा माणसांचे आवाज ऐकू येत, एरवी मोरांचे. आणि दिवाळी झाली की गावच उठून जाई. ट्रकमध्ये भांडी, पोरं, कोयते घालून माणसं उसाला जात. दारांना कुलपं. मागे म्हातारीकोतारी, काही पोरं आणि मी. सर म्हणत, आता कागद बघ कसा स्वच्छ येईल. खरंच यायचा. चाहूलच नाही तर सुई कशाला हलेल? होळीनंतर माणसं परतायला लागली, की कागद बिघडायचा आणि माझा जीव सुधारायचा. आजही सुट्टीच्या दिवशी इमारतीतली पोरं जिन्यावर धुडगूस घालतात तेव्हा शेजारी वैतागतात, मी दार उघडं ठेवून बसतो.

कागद बिघडण्याचीही नोंद ठेवावी लागे. यंत्राला डोंगरापलीकडचा भूकंप आणि दारातली बैलगाडी यांतला फरक कळत नाही, तो माणसानं सांगायचा. म्हणून वहीत वेळ टाकून लिहायचं: बैलगाडी. टँकर. विहिरीवर सुरुंग. आणि रोज दुपारी कलत्या उन्हात, तीन ते चारच्या दरम्यान, शेळ्या. खड्ड्याजवळ एक बाभूळ होती, तिच्या सावलीला हिरामावशीच्या शेळ्या येत आणि खुरांनी माती उकरत. आधी मी त्यांना हाकलायचो. मग सर म्हणाले, हाकलू नको, लिहून ठेव. तेव्हापासून वहीच्या पानापानावर शेळ्या. हात आपोआप लिहायचा.

हिरामावशी बौद्धवाड्यातली. उसाला जायचं वय निघून गेलेलं, नवरा नाही, मुलगा-सून कारखान्यावर. तिनं पहिल्या भेटीत माझं गाव विचारलं, मग आडनाव, मग म्हणाली, "मंग आमच्यातलाच की तू. इतकं दिस बोलला का न्हाईस?" मी काय बोलणार होतो? माझ्याशी बोलायला कुणी थांबतच नसे. पुढे ती कधी शेळीचं दूध, कधी कालवण आणून द्यायची आणि माझ्या भाकरीकडे बघून म्हणायची, "लेका, ही भाकर हाय का महाराष्ट्राचा नकाशा?"

वैशाख लागला. वाड्यातली सगळी माणसं उसावरून परत आली होती. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी हिरामावशी सांगून गेली की उद्या विहारात ये, खीर हाय. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे मांडव. मला त्या गावात आल्यापासून कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. पहिलं बोलावणं ते. मी ते शब्द रात्रभर मनात घोळवले. सकाळी कागद बदलला, घड्याळ रेडिओच्या टोल्यांशी जुळवलं आणि दुपारी पांढरा सदरा घालून निघालो. तासाभरात येतो, असं जणू सुईलाच सांगितलं. नियम असा होता की दिवसा खोली सोडायची झाली, तर वहीत जाण्याची आणि येण्याची वेळ लिहायची. मी लिहिली नाही. लिहिली असती तर सरांना कळलं असतं की मी जेवायला गेलो होतो, आणि मला ते लाजिरवाणं वाटलं.

वंदना झाली, खीर झाली, मग बाया गाणी म्हणायला लागल्या. कुणीतरी मला विचारलं, तुमच्याकडं काय म्हणतात. मी आमच्याकडचं एक गाणं म्हटलं, आणि ती सगळी ऐकत होती. इतक्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितल्याला किती दिवस झाले होते ते मला मोजता आलं नाही. हिरामावशी समोर बसून टाळ्या वाजवत होती. उठलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

खोलीत आलो तर काजळीवर एक खूण होती. पावणेचारच्या आसपास सुई चांगली थरथरली होती. मी घाबरलो, पण खुणेमुळे नाही. मी नव्हतो म्हणून. वहीतली दुपार कोरी होती. कोरी दुपार म्हणजे मी गैरहजर. वेळ बघितली, शेळ्यांचीच वेळ. मी पेन उचललं, मिनिटं टाकली आणि लिहिलं: शेळ्या. मग भाकरी न करताच झोपलो, पोट भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पेपर आला. देशानं वाळवंटात जमिनीखाली अणुबाँबची चाचणी केली. माणसं एकमेकांना टाळ्या देत होती, टपरीवाल्यानं चहा फुकट दिला. बातमीत वेळ होती: दुपारी पावणेचार. मी पेपर खाली ठेवला आणि माळाकडे चालू लागलो. खोलीतला कागद दोरीवर वाळत होता, लाख बसून पक्का झालेला. पुसता येत नव्हता. पुसता आला असता तर मी पुसला असता का? हे मी इतक्या वर्षांत स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. शाईतल्या शेळ्या फाडता आल्या असत्या, पण वहीच्या पानांवर क्रमांक होते.

हिरामावशी दुपारी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. नोकरी जाणार, आईला काय सांगू. ती बाभळीखाली बसली, विचार करून म्हणाली, "आरं, शेळ्या माझ्या. मी म्हनते, आल्त्या. माझ्या शेळ्यांचं काय सरकार साक्षीपुरावं घेनार हाय व्हय?" त्या दिवशी तिच्या शेळ्या दावणीला होत्या आणि ती माझ्यासमोर टाळ्या वाजवत होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी नको म्हणालो नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी मी सकाळपासून सुईसमोरून हललो नाही. पाणी प्यायलाही उठलो नाही म्हटलं तरी चालेल. सुई सरळ चालत राहिली. संध्याकाळी रेडिओनं सांगितलं की दुपारी आणखी चाचण्या झाल्या. मी कंदील कागदाजवळ धरून बघितलं, काही नाही. आता मला वाटलं, यंत्रही माझ्या हातून बिघडलं.

सर शनिवारी येत. त्या आठवड्यात गुरुवारीच आले. एसटीतून उतरून उन्हात चालत आले, खांद्याला शबनम, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखं काहीतरी. नगरमध्ये फटाके चाललेत, म्हणाले, ऑफिसात पेढे वाटले. एक पेढा त्यांनी कागदात गुंडाळून आणला होता. खाल्लाही नव्हता, टाकलाही नव्हता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सोमवारचा कागद दाखव."

भिंग लावून ते खूप वेळ बघत राहिले. मग वही ओढली. एक बोट पानावरून खाली खाली आलं आणि थांबलं. मी दाराला टेकून उभा होतो. हिरामावशी नेमकी दूध घेऊन आली होती, तीही उंबऱ्यात थांबली.

"शेळ्या?" सर म्हणाले.

मी मान हलवली.

"मावशी, सोमवारी दुपारी शेळ्या इकडं होत्या?"

"व्हय की," ती म्हणाली. "आल्त्या. लई उधळल्या त्या दिशी."

सरांनी तिला जवळ बोलावलं, भिंग तिच्या हातात दिलं. "ही बघा पहिली रेघ, एकदम ताठ उभी. मग जवळजवळ दोन मिनिटं बारीक बारीक. मग ही दुसरी, जरा रुंद, पण मवाळ. मग हळूहळू शांत. तुमच्या शेळ्या इतक्या शिस्तीत उधळतात?"

ती भिंगातून बघत राहिली. हसली नाही. माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात असं होतं की मी माझ्याकडून केलं बाबा, आता तुझं तू. तिच्या तोंडून खोटं काढलं म्हणून मला जी शरम वाटली ती माझ्या खोट्याची वाटली नव्हती.

"सर, मी नव्हतो," मी म्हणालो. "विहारात गेल्तो. जेवायला."

सरांनी भिंग पुसलं. मला वाटलं आता म्हणतील, सामान बांध. ते म्हणाले, "किती वाजता गेलास, किती वाजता आलास?" मी सांगितलं. त्यांनी स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं.

"खोडायचं नाही. वर एकच आडवी रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिही. मग सही, तारीख आजची."

मी आठवीत शाळा सोडल्यापासून पूर्ण वाक्य लिहिलं नव्हतं, पोस्टकार्डं सोडून. मी लिहिलं: या वेळी मी केंद्रात हजर नव्हतो. शेळ्या मी पाहिल्या नाहीत, अंदाजाने लिहिले. सरांनी ते वाचलं, एक काना दुरुस्त करायला सांगितला, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की या केंद्रावर एकच माणूस आठवड्याचे सातही दिवस बदलीशिवाय ठेवला आहे, हा दोष प्रभारी म्हणून माझा. सही केली. मग हिरामावशीला म्हणाले, चहा करा, आणि पेढ्याचे तीन तुकडे केले.

चहा पिताना त्यांनी मला बाँबचं सांगितलं. मला तोवर एवढंच ठाऊक होतं की तो मोठा असतो. सर म्हणाले, ज्यांनी पहिल्यांदा बनवला त्यांना वाटलं हे गुपित आपल्यापाशीच राहील. दोन शहरं त्यात गेली. गुपित जेमतेम चार वर्षं टिकलं, दुसऱ्यानं बनवला, मग तिसऱ्यानं. आधी हवेत फोडायचे, त्याचं विष पावसातून गवतात, गवतातून दुधात यायला लागलं. दूध म्हटल्यावर हिरामावशीनं मान वर केली. मग त्यांनी ठरवलं हवेत नको, आणि फोडणं जमिनीखाली गेलं. आता जगात कुठेच कुणी फोडू नये असा करार करू बघतात. पण शब्दावर विश्वास कुणाचा कुणावर नाही. म्हणून देशोदेशी अशा खोल्या, खड्डे, सुया. कुणी चोरून फोडला तर जमिनीनं सांगावं.

"आपली खोली त्यांच्या यादीत नाही," सर म्हणाले. "कागद मुंगीएवढ्या खात्याचा. पण काम तेच. यंत्रं कितीही आणा, कुणीतरी समोर बसलेलं लागतं, आणि त्यानं जे बघितलं तेच लिहायला लागतं. सगळ्या खोल्यांत सगळ्यांनी अंदाजाने शेळ्या लिहिल्या, तर मग करार कशाचा करायचा?"

मी भीत भीत बुधवारचा कागद दाखवला. सांगितलं की यंत्र बिघडलं असेल, चाचण्या झाल्या पण सुई हलली नाही. त्यांनी भिंगातून टोकापासून टोकापर्यंत बघितलं. यंत्र ठीक आहे, म्हणाले, ते स्फोट फार लहान असतील, इतक्या लांबून ऐकू आले नाहीत.

"मग सर, सगळ्यांनी लहान लहानच केले तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तेच तर," एवढंच म्हणाले. शिकलेल्या माणसाला माझ्या प्रश्नाचं उत्तर येत नाही हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि का कोण जाणे, त्या दिवसानंतर मला त्यांची भीती उरली नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा दुपारी, शेळ्या बाभळीखाली असताना, मी समोर बसलो होतो. सुई ताठ उठली. काजळीतून पांढरं निघताना मी डोळ्यांनी बघितलं. उठून बाहेर गेलो, शेळ्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या. आत येऊन लिहिलं: शेळ्या हजर, बसलेल्या. नोंद शेळ्यांची नाही. संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, सीमेपलीकडच्यांनीही चाचणी केली. शनिवारी सर आले. शबनम उतरवून म्हणाले की ऑफिसात एकानं हसत हसत म्हटलं, काय तांबोळी, आता तुमच्यावाल्यांनी पण उडवला, तुमचा पेढा कुठाय? तीस वर्षं शेजारी बसलेला माणूस, म्हणाले. मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पसरले. "अंतर सांगते सुई," ते म्हणाले. "एक जवळचा, एक लांबचा. कुणाचा कोण, ते तिला विचारणारेच ठरवतात." त्या माळावर मीच एकटा आहे असं मला तोवर वाटायचं. नगरच्या भरल्या ऑफिसात त्यांचीही एक दगडी खोली होती, हे मला त्या दुपारी दिसलं. मी त्यांना भाकरी वाढली. फाटलेली होती. त्यांनी खाल्ली.

माझी नोकरी राहिली. महिन्याभरात दुसरा माणूस आला आणि मला आठवड्याची सुट्टी मिळाली. सरांना मात्र वरून ताकीद आली आणि हाताखालच्या माणसाला त्यांच्याआधी बढती मिळाली. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं, तेव्हा माझी बदली झालेली होती आणि हिरामावशी या जगात नव्हती. काजळीचे कागद गेले, आता आकडे तारेतून परस्पर जातात, मी पडद्यासमोर बसतो. माझं गाव तितकंच लांब आहे. आई गेली.

सरांचे डोळे काचबिंदूनं गेले. मुलीकडे राहतात, ती दिवसभर कामावर. मी फोन करतो. ते पहिलं हेच विचारतात, पेपरात काय आहे. आणि मी, आता कबूल करतो, त्यांना निवडून सांगतो. कुठला करार मोडला, कुणी कुणाला बाँबची धमकी दिली, कुठे पुन्हा चाचणीची भाषा चालली आहे, हे गाळतो. पाऊस सांगतो, क्रिकेट सांगतो. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, असं मनाला समजावतो. मागच्या महिन्यात त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रल्हाद, एवढं चांगलं चाललंय जगाचं?"

मी पुन्हा क्रिकेटवर गेलो. म्हणून इथे लिहून देतो, सर. निवृत्तीचा कागद हातात पडला की मी नगरला येईन. तुमच्याजवळ खोली बघीन. तुमची मुलगी कामाला गेली की रोज सकाळी येऊन पेपर उघडीन आणि पहिल्या पानापासून वाचीन, बाँबची बातमी असेल तर तीही, शेवटच्या ओळीपर्यंत. जिथे मला समजणार नाही तिथे समजलं नाही म्हणेन. तुम्ही पुरे म्हणाल तेव्हाच घडी घालीन.